घोडबंदर रोडने घोडबंदरला

अकरा वर्षं मी ठाण्यात घोडबंदर रोडवर राहतोय आणि घोडबंदर गाव काही पाहिलेलं नव्हतं. आमच्या सोसायटीत विचारलं तर कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे लाज तशी वाटून घेतली गेली. "कुठे राहता?" "घोडबंदरला." असं आम्ही बेधडक सांगतो. राहतो वाघबीळला, म्हणजे खरं घोडबंदर तिथून आणखी बारा-तेरा किलोमीटर पुढे.

हा विषय काढला आत्याने. आत्या अडुसष्ट वर्षांची, जन्म नौपाड्यातला, नोकरीभर शाळेत भूगोल शिकवलेला. दिवाळीत आमच्याकडे येताना तिची रिक्षा पातलीपाड्याला पाऊण तास अडकली. घरात शिरल्या शिरल्या चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, "तुझ्या या रस्त्याला शेवट आहे का रे?"

मी म्हटलं, "आहे ना. गुजरात."

"गाढवा, गुजरात अहमदाबाद हायवेला. हा राज्य महामार्ग बेचाळीस. याचा शेवट घोडबंदर. नाव वाचता येतं ना?"

तेव्हा ठरलं की थंडी ओसरायच्या आत हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत करायचा, जमेल तितका पायी. रस्ता वीसेक किलोमीटरचा, पण आत्याचे गुडघे लक्षात घेऊन तीन दिवस. तिने एक अटही घातली. वाटेत मैलाचा दगड शोधायचा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. "हिरवा दगड दिसला की मी मानीन की हा अजून महामार्ग आहे. नाहीतर नुसती तुमच्या बिल्डरांची गल्ली."

पहिला दिवस, शुक्रवार: कापूरबावडी ते वाघबीळ

सकाळी साडेसहाला माजिवड्याहून निघालो. मुंबई-आग्रा रस्ता सरळ नाशिककडे जातो आणि आपला रस्ता डावीकडे वळतो, तिथे आता उड्डाणपुलांची जी गुंतवळ झाली आहे तिच्यातून पायी बाहेर पडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. या रस्त्याचं सगळं दुखणं या नाक्यावरच कळतं. एका टोकाला नाशिकचा महामार्ग, दुसऱ्या टोकाला अहमदाबादचा, आणि न्हावा शेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर या दोहोंना जोडणाऱ्या आमच्या दारातून जातात. म्हणून इथे दूधवाल्याची सायकल आणि चाळीस फुटी ट्रेलर एकाच सिग्नलला शेजारी उभे असतात.

कापूरबावडीत आत्याला बावडी बघायची होती. पानवाल्याला विचारलं, "बावडी कुठे आहे हो?" तो म्हणाला, "हीच की बावडी." "अहो, विहीर." त्याने मेट्रोच्या खांबाकडे मान उडवली आणि सुपारी कातरायला लागला. आणखी दोघांना विचारलं. एकाने मॉल दाखवला. बावडी मिळाली नाही.

पण त्यामुळे आत्याला खेळ सापडला. पुढचे तीन दिवस ती बसथांब्यांची नावं मोठ्याने वाचत चालली होती, वर्गात हजेरी घ्यावी तशी. मानपाडा, पातलीपाडा, पुढे भाईंदरपाडा, काजूपाडा. "पाडा म्हणजे काय?" मी म्हटलं, आदिवासींची वस्ती. "मग मोज किती पाडे झाले." या रस्त्याच्या डाव्या हाताला येऊरचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याने वारल्यांचे पाडे होते, काही अजून आहेत. उजव्या हाताला खाडी, तिकडे बाळकूम, कोलशेत अशी आगरी-कोळ्यांची गावं. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून रस्ता गेला. नंतर कोलशेतच्या बाजूला रंगाचे आणि औषधांचे कारखाने आले, आणि कारखाने आटले तसे टॉवर.

मानपाड्याला चहा घेतला. इथून डोंगराच्या बाजूला आत गेलं की टिकुजिनीवाडी. लहानपणी आम्ही तिथे पाण्यात डुंबायला यायचो, तेव्हा ती गावाबाहेर वाटायची. आता त्याच बाजूने बोरिवलीला जाणारा जुळा बोगदा खणायचं काम चाललंय. प्रकल्पाची लांबी ११.८४ किलोमीटर, त्यातला सव्वादहा किलोमीटर भाग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून, आणि जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. आत्याने कागदी रुमालावर पेनाने साष्टी बेट काढून दाखवलं. बेटाच्या मध्यभागी डोंगर, पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला ठाणे. उल्हास नदी ठाण्याच्या वरच्या अंगाला येते, तिचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला जातो आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो. डोंगर ओलांडायचा नाही आणि खाडीत पडायचं नाही, तर बेटाच्या वरच्या काठाने वळसा घालावा लागतो. "तो वळसा म्हणजे हा रस्ता," तिने पेन टेकवलं. "रस्ता कुणी आखलेला नाही. डोंगराने आखलाय."

रुमाल चहात भिजला म्हणून मी फोटो काढू शकलो नाही.

पातलीपाड्यापर्यंत फुटपाथ बरा होता, म्हणजे सलग दोनशे पावलं तरी सापडायचा. त्यानंतर रस्ता खणलेला, पत्रे लावलेले, कुठे सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळून टाकलेला. डोक्यावर मेट्रो चार: वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंत, आणि तिचंच शेपूट 'चार अ' गायमुखापर्यंत. २०२५ च्या सप्टेंबरात या बाजूच्या टप्प्यावर चाचणीची गाडी धावली त्या दिवशी आमच्या इमारतीच्या गच्चीवर लग्नाच्या वरातीला असते तेवढी गर्दी होती. सात-आठ वर्षं खांबांच्या सावलीत अडकून बसलेल्या माणसांना तेवढा हक्क असावा.

ब्रह्मांडच्या थांब्यावर आत्या थबकली. हे नाव पाड्याचं नाही, गृहसंकुलाचं. "माणसं पत्ता काय सांगतात? ब्रह्मांड, फेज पाच?" मी म्हटलं, हो, असंच सांगतात. ती थांब्याच्या बाकावर बसून पोटभर हसली. बाजूला उभ्या मुलीने कानातले इअरफोन काढून आमच्याकडे पाहिलं.

साडेदहाला वाघबीळ. उन्हं चटकायला लागली होती. वाघबीळ म्हणजे वाघाचं बीळ, हे नाव फोडून सांगायला आत्याची गरज नव्हती. मात्र ती १९७० च्या दशकात एसटीने वसईला मावशीकडे जायची, तेव्हाचं तिने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कापूरबावडी सुटली की दिवे संपायचे. रस्ता एकच गाडी नीट जाईल एवढा, समोरून दुसरी आली की एकाने कडेच्या मातीत उतरायचं. संध्याकाळच्या गाडीला कंडक्टर बायकांना पुढे बसवायचा आणि गायमुखाच्या पुढे हात दाखवला तरी ड्रायव्हर गाडी थांबवायचा नाही. "वाघाला घाबरून?" "छे रे. अंधाराला."

हिरवा दगड दिवसभरात एकही नाही.

दुसरा दिवस, शनिवार: वाघबीळ ते चेणे

आजचा टप्पा सगळ्यात लांब, आणि सगळ्यात बरा. आनंदनगर, कासारवडवली इथपर्यंत शहर आपल्याबरोबर चालतं. कासारवडवलीत मुख्य रस्ता सोडून गावात शिरलो. टॉवरांच्या मागे कौलारू घरं अजून आहेत, ओटीवर सुकत घातलेले बोंबील आहेत, तळं आहे. तळ्याच्या काठावर एक आजोबा बसले होते. आत्याने त्यांना विचारलं, रस्ता रुंद झाला तेव्हाचं काय आठवतं? ते म्हणाले, "ताई, रस्ता रुंद झाला तसा पलीकडे जायचा बंद झाला. आमची शेतं पलीकडे होती." मग गप्प बसले. आम्हीही.

रुंदीकरणाचा मोठा टप्पा २००५ नंतरचा. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या पद्धतीने साधारण पंधरा किलोमीटरचं काम खासगी कंपनीला दिलं गेलं आणि गायमुखला टोलनाका बसला. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथले उड्डाणपूल त्याच सुमाराच्या आगेमागे आले. रस्ता रुंद होताच इमारती उगवल्या, इमारती उगवताच रस्ता अरुंद झाला. टोलची मुदत संपली, नाका गेला, पण तिथे ब्रेकवर पाय ठेवायची सवय कित्येकांची अजून गेलेली नाही. माझीही.

ओवळ्याला फुलपाखरांची बाग आहे, ओवळेकर वाडी. भातशेतीच्या जमिनीवर फुलपाखरांना लागणारी झाडं एकेक करून लावत ती उभी राहिली. मधासाठी फुलझाडं वेगळी आणि अंडी घालायला झाडं वेगळी लागतात. लिंबाच्या जातीची नसली तर महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, काळं-निळं ब्लू मॉर्मन, फिरकणारही नाही. हे सगळं मी आत्याला मोठ्या रुबाबात सांगत दारापर्यंत घेऊन गेलो. बाग रविवारी सकाळी उघडते. आज शनिवार. आत्या काही बोलली नाही, पाण्याची बाटली काढून शांतपणे पाणी प्यायली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

भाईंदरपाडा ओलांडला (भाईंदर इथून कितीतरी दूर, पाड्याला ते नाव का, हे आत्यालाही सांगता आलं नाही, त्यामुळे माझा थोडा हिशेब चुकता झाला) आणि एकाएकी टॉवर संपले. उजवीकडे खाडी उघडी पडली. भरती होती. तिवरांच्या फांद्यांपर्यंत पाणी, पलीकडे कामणच्या बाजूचे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याने दिवा-वसई मार्गावरची मालगाडी मुंगीच्या रांगेसारखी सरकत होती. अकरा वर्षांत मी या ठिकाणावरून हजार वेळा गेलो असेन. काच वर, एसी चालू, नजर पुढच्या गाडीच्या ब्रेक-लाइटवर.

गायमुखला शंकराचं देऊळ आहे, डोंगरातला झरा आहे, आणि खाडीच्या काठाला अलीकडे चौपाटी केली आहे. आम्ही कठड्यावर बसून पोळीचे लाडू खाल्ले. कोलशेतकडून एक जोडपं रिक्षाने आलं होतं. मुलगा मुलीचे फोटो काढत होता आणि ती दर फोटोनंतर "मागचे खांब नको" म्हणत होती. खांब मात्र कुठूनही येतातच. बाळकूमपासून इथपर्यंत खाडीकाठाने नवा किनारी रस्ताही यायचा आहे, मग ही चौपाटी कुणाच्या मागे दिसेल कोण जाणे.

इथून पुढे घाट. घाट म्हणायला तो छोटा, पण चढ-वळणं खरी आणि रस्ता दरवर्षी पावसात फाटतो. मग डांबर ओततात, मग रात्री बंद ठेवून पुन्हा ओततात, आणि त्या दिवसांत अर्धं ठाणे घरून काम करतं. आमचा बेत घाट पायी चढायचा होता. शंभर पावलं गेलो. फुटपाथ नाही, कडेला पांढरी पट्टी नाही, आणि ट्रेलरचा वारा असा लागतो की आत्याची ओढणी एकदा थेट तोंडावर गुंडाळली गेली. "पुरे," ती म्हणाली. "मला पेपरात यायचं नाही." परत फिरलो आणि बोरिवलीची बस धरली.

म्हणून जंगलाचा पट्टा आम्ही खिडकीतून पाहिला. हा भाग मला नीट सांगायचा आहे. डाव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटर. उजव्या हाताला, रस्ता आणि खाडीच्या मध्ये, त्याच उद्यानाचा तुटलेला तुकडा: नागला. पक्षी बघणारे लोक वनखात्याची परवानगी काढून नागल्याच्या वाटेने खाडीपर्यंत जातात. त्यांच्या फोटोत स्वर्गीय नर्तक असतो, पांढरी लांब शेपूट सोडलेला. नागला उद्यानापासून तोडला तो या रस्त्याने. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचं जंगल आहे; म्हणजे येऊर ते तुंगारेश्वर अशी जनावरांची जी वाट असू शकते, तिच्या मधोमध खाडीच्या अलीकडे आमचे चार-सहा पदर. बिबट्या रस्ता ओलांडतो तो रात्री, गाड्या कमी असतात तेव्हा, आणि गाड्या सुसाट असतात त्याही तेव्हाच. या पट्ट्यात गाडीखाली बिबटे मेले आहेत. मी स्वतः एकदा रात्री दीडला इथून येताना दोन डोळे पाहिले आणि वेग कमी करण्याऐवजी वाढवला. का, ते अजून कळलेलं नाही.

पळस फुलला होता. पानं गळलेल्या सागात मध्येच तो केशरी भडका, आणि काटेसावरीची लाल फुलं. बस दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती, म्हणून सगळं सावकाश बघता आलं. आणि तेवढ्यात आत्या ओरडली, "दगड!"

डाव्या बाजूला, झुडपात अर्धा बुडालेला, तिरका. मी वळून पाहीपर्यंत मागे गेला.

"हिरवा होता!"

"मला पांढराच दिसला."

"माथा हिरवा होता. शेवाळ नव्हे, रंग."

"आकडा?"

"आकडा वाचायला बस थांबवणार होतास का तू?"

कंडक्टरने विचारलं काय हरवलं. आत्याने त्याला दगडाचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रोज चार फेऱ्या मारतो, आपल्याला कधी दिसला नाही." आत्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं फाडायला निघून गेला.

चेण्याला उतरलो. इथे चेणे नदी डोंगरातून उतरून खाडीला मिळते, आणि इथून मीरा-भाईंदर महापालिकेची हद्द. ठाणे महापालिका १९८२ ची, ही २००२ ची. पुलाशेजारी पाड्यातल्या बायका भाजी घेऊन बसल्या होत्या: मुळा, माठ, वालाच्या शेंगा, एका टोपलीत बोरं. वीस रुपयांना बोरांचा वाटा. आत्याने दोन वाटे घेतले, घासाघीस केली नाही, आणि बाईला गाव विचारलं. "हेच," ती म्हणाली. तिच्या मागे झाडाला 'थ्री बीएचके, सी-व्ह्यू' अशी पाटी ठोकलेली होती.

तिसरा दिवस, रविवार: चेणे ते घोडबंदर

काजूपाडा, मग फाउंटन. रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जाऊन आदळतो. नाक्याला नाव मिळालं ते हॉटेलावरून. रिक्षावाले, बस, वाहतूक पोलीस, सगळे फाउंटनच म्हणतात. नव्याण्णव टक्के गाड्या इथून एकतर उजवीकडे वरसाव्याच्या पुलावरून गुजरातकडे जातात नाहीतर डावीकडे काशीमिऱ्याकडे. समोर, घोडबंदर गावाकडे, आमच्याखेरीज एक पाण्याचा टँकर आणि दोन सायकलवाली पोरं.

गाव शांत आहे. इतकं की आत्याने आवाज खाली आणला. चढणीला ती सांगू लागली ते मला अजिबात माहीत नव्हतं. मुंबईत ज्याला आपण एस. व्ही. रोड म्हणतो, वांद्र्यापासून अंधेरी, मालाड, बोरिवलीवरून जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग, त्याचंही जुनं नाव घोडबंदर रोडच. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, मुंबई बेट या बाजूनेही साष्टीला जोडलं गेलं, आणि वांद्र्याच्या बाजूने वर येणारा रस्ता याच बंदराच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जुन्या पत्त्यांत, दुकानांच्या कागदांवर 'घोडबंदर रोड, मालाड' असं सापडतं. म्हणजे बेटाच्या दोन्ही कडांनी दोन घोडबंदर रोड वर चढायचे आणि इथे भेटायचे. एकाचं नाव पुसलं, दुसऱ्याचं उरलं, आणि ज्याचं उरलं त्यावरचे आम्ही लोक गावाला ओळखत नाही.

किल्ला छोटा आहे, टेकडीएवढा. अलीकडच्या वर्षांत डागडुजी झाली आहे, त्यामुळे पायऱ्या धड आहेत. बंदराचं नाव घोड्यांवरून, अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. किल्ला पोर्तुगीजांचा, जुन्या चर्चचे अवशेष वर आहेत. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांची साष्टीची मोहीम सुरू झाली, ठाण्याचा कोट मार्चमध्ये पडला, त्याच मोहिमेत घोडबंदर मराठ्यांकडे आलं. वसईला मात्र १७३९ चा मे उजाडावा लागला. मराठ्यांकडेही ते फार काळ राहिलं नाही, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि साष्टी गेली ती गेलीच.

तटावर उभं राहिलं की हे सगळं पाठ करावं लागत नाही. समोर वसईची खाडी. उजवीकडे वरसाव्याचे पूल, त्यांवर ट्रकांची न तुटणारी माळ. डावीकडे खाडी रुंद होत समुद्राकडे जाते. इथे माणूस बसवला की वसईहून कल्याण-ठाण्याकडे कोणतं गलबत वर चाललंय ते चुकूच शकत नाही. आत्याने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुलाकडे पाहत राहिली.

"तेव्हा आमची एसटी पूल यायच्या आधी इथे वळायची," ती म्हणाली. "मी डाव्या खिडकीत असायचे. हा दगडी तट दिसायचा. मावशी म्हणायची, घोडबंदर आलं, उठा आता. वर चढायचं कधी कुणाच्या मनातच आलं नाही."

तिने पिशवीतून कालची बोरं काढली. ती खाऊन बिया कागदात बांधल्या, कारण किल्ल्यावर टाकायच्या नाहीत.

परतीला फाउंटनहून ठाण्याची बस मिळाली. दोघांना शेजारी जागा, आत्या खिडकीशी. या वेळी दगड उजव्या हाताला येणार होता, म्हणून तिने उजवी बाजू धरली होती आणि मला मोबाइलचा कॅमेरा उघडून तयार राहायला सांगितलं होतं. घाट सुरू झाला. गायमुखाच्या वळणाआधी पुढे एक ट्रेलर बंद पडला होता, आणि बस थांबली ती चाळीस मिनिटं. बाहेर झुडपं, पत्रे, झुडपं. आत्या काचेला कपाळ लावून झोपून गेली. बस हलली तेव्हा बाजूने कंटेनर चालला होता, त्याच्या लांबच लांब निळ्या अंगाशिवाय उजवीकडचं काही दिसत नव्हतं.

वाघबीळला तिला हलवलं. तिने डोळे उघडून आधी विचारलं, "दिसला?"

"नाही."

"हिरवाच होता," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून उतरली.